मठाचे माप आणि बाजाराचा काटा

चाळीसगावाजवळ, डोंगराच्या पायथ्याशी, पाटण म्हणून एक जुने स्थान आहे. आपल्यापैकी पुष्कळजण पाटणादेवीच्या दर्शनाला तेथे जाऊन आले असतील. परंतु त्या पाटणात सापडलेल्या एका दगडाची हकिगत फार थोड्यांना ठाऊक असते. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी १८६५ मध्ये हा शिलालेख विद्वानांच्या नजरेस आणला. तो शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण ह्याचा मुख्य ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्याने पाटण येथे एक मठ स्थापन केला, आणि त्या भागावर सत्ता चालविणाऱ्या निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव ह्या बंधूंनी त्या मठाला देणग्या दिल्या. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. परंतु शेवटचा भाग, जेथे मठाला प्रत्यक्ष काय मिळावयाचे ते सांगितले आहे, तो मराठीत आहे. मराठीतच असावयास हवा होता, कारण तो भाग पंडितांसाठी नव्हताच. तो बाजारातल्या माणसांसाठी होता.

त्यात काय सांगितले आहे? ह्या पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले आहे. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या मठाला मिळावयाच्या आहेत. जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांकडून पळी पळी तेल मठाच्या दिव्याला मिळावयाचे आहे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, येथे जे काही मापले जाईल ते मठाच्या मापाने मापावयाचे आहे; त्या मापाईचा निम्मा वाटा मठाचा आणि निम्मा मापाऱ्याचा.

मी हमालाचा मुलगा आहे. माप घालणाऱ्या माणसाचा निम्मा वाटा राजाने दगडावर कोरून ठेवावा, हे मी प्रथम वाचले तेव्हा गावच्या सार्वजनिक वाचनालयात बसलो होतो, आणि ते पान मी पुन्हा पुन्हा वाचले. मग माझे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे गेले. बाजाराचे माप कोणाच्या ताब्यात होते? व्यापाऱ्याच्या नव्हे, सरदाराच्याही नव्हे. ते शाळेच्या ताब्यात होते. आठशे वर्षांपूर्वी आमच्या खान्देशात शाळा आणि बाजार ह्यांचे नाते असे होते की, बाजाराने शाळेच्या दिव्याला तेल द्यावे आणि शाळेने बाजाराचे माप खरे ठेवावे.

आज हायस्कुलातील मुलामुलींना विक्री, व्यापार आणि उद्योजकता शिकवावी अशी चर्चा सर्वत्र चालू आहे. ही कल्पना परदेशातून आली आहे असे पुष्कळांना वाटते. मी विद्वान नाही. दहावीनंतर माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयात झाले. पण गेली तीसएक वर्षे हमाल, जिनातले मजूर आणि गिरणी कामगार ह्यांच्यात वावरताना मला वारंवार असे दिसले की, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे आणि तो अर्धवट सोडविण्याची आपली खोडही जुनी आहे. तो इतिहास आपल्यापुढे मांडावा एवढाच आजचा हेतू.

प्रथम त्या मठात काय शिकवीत ते पाहू. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत, म्हणजे ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत, आकाशातील ग्रहांचे गणित आहे हे खरे. परंतु त्याच ग्रंथाचा पहिला भाग मानली जाणारी लीलावती उघडून पाहा. तिच्यात त्रैराशिक आहे. व्याजाची उदाहरणे आहेत. निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र आटविले तर मिश्रणाचा कस किती, हा हिशेब आहे. एका मालाच्या बदल्यात दुसरा माल किती द्यावा, हा प्रश्न आहे. आणि अनेकांनी मिळून भांडवल घातले तर नफ्याची वाटणी कशी करावी, हेही आहे. ज्याला आज आपण भागीदारी म्हणतो तिचे गणित त्या काळच्या विद्यार्थ्याला ग्रहगणिताच्या आधी करावे लागे. पेठेचा हिशेब करण्यात विद्येला कमीपणा वाटत नव्हता.

पुढे गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत ह्या विद्येचा एक लहानसा अंश टिकून राहिला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, अडीचकी हे पाढे मुले घोकीत. आज आपल्याला ते हास्यास्पद वाटतात. पण सव्वा शेराचा भाव आणि साडेतीन मणाचे वजन ज्याला तोंडी करावयाचे आहे त्याला ते पाढे म्हणजे हत्यार होते. मोडी अक्षर त्याच्या जोडीला असे. पण येथेच एक भेद पडला. पाढे शाळेत मिळत. कीर्द, खतावणी, हुंडी आणि पत ह्यांची विद्या मात्र पेढीवर गादीच्या कडेला बसून मिळे, आणि त्या गादीच्या कडेला बसण्याचा अधिकार जन्माने मिळे. कुणब्याचा, माळ्याचा, महाराचा मुलगा तेथे बसू शकत नव्हता. बाजाराची अर्धी विद्या सर्वांची आणि उरलेली अर्धी घराण्याची, अशी ही वाटणी झाली.

इंग्रजांनी १८१८ मध्ये खान्देश घेतला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्याने धुळे हे आपले ठाणे केले आणि व्यापाऱ्यांना व कारागिरांना घरांसाठी जागा देऊन तेथे बोलाविले. पेठ वसली. नंतर शाळाही आल्या. पण त्या शाळांची तोंडे पेठेकडे नव्हती, कचेरीकडे होती. सरकारला कारकून हवे होते, आणि आपल्या लोकांना कारकुनी हवी होती.

अशा स्थितीत १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि खान्देशच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास आगगाडीचा रूळ चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा पुढे सरकत होता. ज्या शेतकऱ्याने लिव्हरपूल हे नावही ऐकले नव्हते त्याच्या घरातला पैसा आता लिव्हरपूलच्या भावावर वरखाली होऊ लागला. भाव चढताच रुईत सरकी, माती, पाणी मिसळण्याचा सुळसुळाट झाला, आणि त्याला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारला १८६३ मध्ये खास कायदा करावा लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतील सट्टा फुटला आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. केवढे हे शिक्षण! मागणी, पुरवठा, प्रत, पत, सट्टा, दिवाळे हे सारे धडे चार वर्षांत एका पिढीच्या डोळ्यांसमोर घडले. परंतु त्या धड्यांचे पुस्तक झाले नाही. ज्यांच्याजवळ पेढीची विद्या होती ते त्यातून शिकले. ज्यांच्याजवळ नव्हती त्यांना सावकाराचे कर्ज तेवढे उरले.

हा दोष कोणी ओळखलाच नाही असे मात्र नाही. १८८२ मध्ये हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले ह्यांनी निवेदन दिले. बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात काय असावे हे त्यांनी नेमके सांगितले: मोडी व बाळबोध वाचणे-लिहिणे, जमाखर्च, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीती. जमाखर्च हा शब्द त्यात आहे, तो सहज आलेला नाही. जोतीराव स्वतः बांधकामांची कंत्राटे घेत. ते व्यापारी होते. कागदावरचा आकडा गरिबाला कसा बुडवितो हे त्यांनी पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून सांगितले. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. जमाखर्चाचे शिक्षण आणि मजुराची संघटना ह्या दोन मागण्या आमच्याकडे एकाच घरात वाढल्या आहेत, ही गोष्ट आम्ही संघटनेतली माणसेदेखील विसरून गेलो.

हंटर आयोगानेही माध्यमिक शिक्षणाला दोन वाटा असाव्यात, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यापार व व्यवहाराकडे जाणारी, अशी शिफारस केली. ती शिफारस बव्हंशी कागदावर राहिली. पहिल्या वाटेच्या टोकाला मॅट्रिकचे प्रमाणपत्र आणि सरकारी नोकरी होती. दुसरीच्या टोकाला काय आहे हे कोणालाच दिसत नव्हते. आईबापांनी पहिली वाट धरली ह्यात त्यांचा दोष नाही. मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज निघाले आणि व्यापाराला विद्यापीठाची मान्यता मिळाली. पण ती विद्या वरच्या मजल्यावर पोचली, तळमजला तसाच राहिला. खान्देशात तर अमळनेरचे प्रताप कॉलेज आणि जळगावचे मूळजी जेठा कॉलेज निघायला १९४५ साल उजाडावे लागले.

दरम्यान बाजार आपल्या पद्धतीने शिकवीत होता. १९०० मध्ये चाळीसगावाहून धुळ्याला आगगाडी आली आणि धुळ्याचा कापसाचा बाजार वाढला. त्या काळी अनेक बाजारांत भाव ठरविण्याची रीत अशी असे: दलाल आणि खरेदीदार एकमेकांचे हात धरीत, वर रुमाल टाकीत, आणि रुमालाखाली बोटे दाबून आकडा सांगत. गाडीचा मालक शेतकरी शेजारी उभा राही. आपल्या कापसाचा भाव आपल्याच समोर ठरतो आहे आणि तो आपल्यालाच दिसत नाही, ह्याहून मोठे अज्ञान कोणते? मग अडत, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय, नमुना अशी वजावट सुरू होई.

१९२७ मध्ये मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा झाला. बाजारावर समिती असावी, तिच्यात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असावेत, वजावटी ठरलेल्याच असाव्यात, हे त्याचे सार. ह्या कायद्याखाली जे अगदी पहिले बाजार आले त्यांत आमच्या धुळ्याचा कापूस बाजार होता. रुमाल हळूहळू गेला. पुढे १९३९ चा आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६३ चा कायदा आला, कापसापुरती असलेली व्यवस्था इतर शेतमालालाही लागू झाली, आणि आजच्या बाजार समित्या उभ्या राहिल्या. पण कायद्याने रुमाल उचलला तरी डोळे उघडण्याचे काम कायद्याचे नव्हते. ते शाळेचे होते.

येथे माझी एक आठवण सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. मी आठवीत होतो. माझे काका भुईमुगाच्या शेंगा घेऊन एका बाजारगावी आले होते, आणि त्याच आवारात माझे वडील पोती उचलीत होते. काकांच्या हाती हिशेबपट्टी आली. त्यांनी ती माझ्यापुढे धरली; म्हणाले, “वाच रे भाऊ, तू हायस्कुलात जातोस.” मला बीजगणित येत होते. शाहजहानच्या मुलांची नावे पाठ होती. पण पट्टीवरचा कडता म्हणजे काय, अडत कशावर धरली, हे मला सांगता येईना. काका हसले आणि पट्टी खिशात घालू लागले. एवढ्यात वडिलांनी हमालीच्या रकान्यावर बोट ठेवून आकडा विचारला. मी वाचून दाखविला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “माझ्या हाती एवढी आली नाही.” काकांच्या पट्टीतून हमालीच्या नावाने जे कापले गेले होते ते पुरतेपणी हमालाच्या हाती पोचत नव्हते. दोघे सख्खे भाऊ. एकाला वाटे की हमाली फार जाते, दुसऱ्याला वाटे की हमाली फार कमी मिळते, आणि दोघेही वर्षानुवर्षे एकमेकांना मनातून दोष देत आले होते. पुरावा दोघांच्या मध्ये कागदावर लिहिलेला होता. फक्त वाचणारा नव्हता. ज्या शाळेने मला त्या कागदापुढे निरक्षर ठेवले तिच्याविषयी माझ्या मनात राग नाही. शिक्षक चांगले होते. त्यांनाही ते कोणी शिकविलेले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर प्रयत्न झाले नाहीत असे म्हणता येणार नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची योजना मांडली आणि तिच्यात शेती, तंत्र, व्यापार अशा शाखा ठेवल्या. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आमचे जे. पी. नाईक होते, कार्यानुभव ही कल्पना दिली. ह्या थोर माणसांच्या कल्पना उत्तम होत्या. पण शाळेत पोचेपर्यंत त्यांचे काय झाले? आमच्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला आम्ही खडू करीत असू. साचे होते, प्लॅस्टर होते, हात पांढरे होत, मजा येई. ते खडू वर्गाच्या कपाटात ठेवीत. वर्षअखेर पर्यवेक्षक येत, कपाट उघडीत, गुण देत आणि कपाट बंद होई. एका खडूला खर्च किती आला, बाजारात तो कितीला मिळतो, आपला खडू घेणारा कोण, तो का घेईल, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. आम्ही वस्तू बनवावयास शिकलो, विकावयास शिकलो नाही. पंतोजीच्या काळापासून आलेली ती जुनी वाटणी कपाटाच्या रूपाने तशीच उभी होती.

पुढे अकरावी-बारावीसाठी किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम निघाले आणि त्यांत विक्रीकलेलाही स्थान मिळाले. १९८८ मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. परंतु व्यवसाय-शाखेकडे जाणारा मुलगा म्हणजे ज्याला कमी गुण पडले तो, ही समजूत काही सुटली नाही. ज्या जिल्ह्यात सोन्याची, केळीची, कापसाची पेठ आहे, त्याच जिल्ह्यात बाजाराची विद्या नापासांची ठरली.

आता खान्देशातील उद्योजकांच्या गोष्टी शाळाशाळांत सांगतात. सांगाव्यातच. अमळनेरचे प्रतापशेठ ह्यांनी गिरणी काढली आणि शाळेला व तत्त्वज्ञान मंदिरालाही हात दिला. त्याच गावच्या हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते; त्यांनी १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. मासिक म्हणजे लेखन तर खरेच, पण कागद, छपाई, वर्गणी आणि टपाल हाही त्याचा संसार असतो. नफ्यावाचून चालणारा तोही एक उद्योगच. १९४५ च्या डिसेंबरात ह्याच अमळनेरसाठी वनस्पती तुपाची एक कंपनी नोंदली गेली, जिला आज सारे जग विप्रो म्हणून ओळखते. तिचे समभाग धरून ठेवणाऱ्या अमळनेरकरांच्या भाग्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. वाकोदच्या शेतकरी कुटुंबातले भवरलाल जैन ह्यांनी १९६३ मध्ये घरच्या सात हजारांच्या बचतीवर रॉकेलच्या विक्रीपासून प्रारंभ केला, १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक बंद कारखाना घेऊन पपईच्या चिकापासून पपेन काढले, आणि पुढे नळ्या व ठिबक सिंचन ह्यांत नाव मिळविले. ठिबक विकताना त्यांना प्रथम शेतकऱ्याला पाण्याचे शास्त्र शिकवावे लागले. विक्री ही पुष्कळदा शिकवणीच असते, हा धडा त्यात आहे.

पण ह्या गोष्टी सांगताना आपण अर्धेच सांगतो. अमळनेरच्या समभागांची कथा सांगताना समभाग म्हणजे काय, हे गिरणीत पाळीवर जाणाऱ्याच्या घरी कोणी सांगितले होते काय, असे आपण विचारीत नाही. जळगावची खान्देश मिल बंद पडली. आज तिच्या जागेवर व्यापारी संकुल आहे. त्या संकुलात काय विकले जाते हे शिकविणे सोपे आहे. तेथे जी गिरणी होती ती का बंद पडली, यंत्रे जुनी का झाली, बाजार का बदलला, कामगाराच्या देण्याचे काय झाले, हे शिकविणे कठीण आहे. परंतु खरी उद्योजकता शिकवावयाची तर हाही धडा पुस्तकात हवा.

दोष दुसऱ्यांना देऊन मी मोकळा होणार नाही. आम्ही संघटनेतल्या माणसांनीही हेच केले. मी तिशीत असताना एका कारखान्यात बोनसचा तंटा चालविला. १९६५ च्या बोनस कायद्याने तेव्हा लेखापरीक्षित ताळेबंद प्रथमदर्शनी खरा मानावयाचा असे, पण त्याविषयी खुलासा मागण्याचा मार्गही कामगाराला ठेवला होता. मालकाने ताळेबंद पुढे ठेवला. त्यात तोटा होता. आम्ही बाहेर येऊन घोषणा दिल्या. मग तडजोड झाली आणि आम्ही सह्या केल्या. पुढे वाणिज्य विषयाच्या एका निवृत्त शिक्षकांकडे मी अकरा संध्याकाळी तोच ताळेबंद घेऊन बसलो. त्यांनी मला घसारा शिकविला, राखीव निधी शिकविला, येणे-देणे शिकविले. तेव्हा कळले की ज्या आकड्याला आम्ही लबाडी म्हणत होतो तो घसारा रीतसर होता, आणि ज्या दोन रकमांचा खुलासा मागावयास हवा होता त्यांच्यावरून आमची नजर नुसती घसरून गेली होती. त्या अज्ञानाची किंमत माझ्या घराने नाही, दोनशे घरांनी भरली. तेव्हापासून घोषणा शिकविण्याआधी मी ताळेबंद शिकवितो.

जगात इतरत्र काय चालते? अमेरिकेत १९१९ पासून ज्युनियर अचीव्हमेंट नावाची चळवळ आहे. मुलांनी छोटी कंपनी काढावयाची, समभाग विकावयाचे, वस्तू बनवून विकावयाची आणि शेवटी हिशेब देऊन कंपनी गुंडाळावयाची, अशी तिची जुनी पद्धत. दिल्ली सरकारने २०१९ मध्ये आपल्या शाळांत उद्योजकतेचा अभ्यासक्रम आणला आणि २०२१ पासून अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी दोन हजार रुपयांचे बीजभांडवल देऊन पाहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षणाचा आणि दहा दिवस दप्तराविना शाळेचा आग्रह धरला आहे. आमच्याकडे तर पुष्कळ शाळांत आनंद बाजार भरतो. हे सारे मला आवडते; मुले मोकळी होतात.

मागे धुळे तालुक्यातल्या एका शाळेच्या अशाच बाजाराला मी गेलो होतो. सातवीतली एक मुलगी मेथीच्या जुड्या विकत होती. बोलण्यात चुणचुणीत, माझ्या गळ्यात दोन जुड्या मारल्याच. मी विचारले, “नफा किती झाला?” तिने डबीतले सगळे पैसे दाखविले. मी म्हटले, “मेथी कोणी खुडली?” “आईने.” “जुड्या कोणी बांधल्या?” “आईने.” “मग आईची मजुरी वजा केलीस का?” ती खळखळून हसली. म्हणाली, “आईची कसली मजुरी, काका?”

श्रोतेहो, त्या मुलीला विकता येत होते. जे येत नव्हते ते फक्त हेच, की नफा ह्या शब्दात कोणाचा तरी घाम बिनहिशेबी राहून जातो. आज आपण तिला एवढेच शिकविले की विक्री म्हणजे गोड बोलणे आणि उद्योजक म्हणजे मालक, तर ती उद्या तिच्याकडे कामाला येणाऱ्या बाईचीही मजुरी अशीच हसून विसरेल. आणि ती स्वतः मालक न होता कामगार झाली, तर आपली मजुरी कोठे गेली हे तिलाही कळणार नाही. वर्गातली सगळी मुले मालक होणार नाहीत. काही शेतकरी होतील, काही दुकानात उभी राहतील, काही पोती उचलतील. पण काट्याच्या एका किंवा दुसऱ्या बाजूला प्रत्येकाला उभे राहावयाचे आहे. म्हणून हे शिक्षण मूठभर भावी उद्योजकांसाठी नसून सर्वांसाठी आहे, आणि ते नापासांच्या शाखेत नव्हे, सर्वांच्या वर्गात हवे.

काय शिकवावे? माझ्या अल्प बुद्धीला सुचते ते असे. पहिला धडा हिशेबपट्टीचा असावा. भाव कसा ठरला, काय कापले, कोणाकडे गेले. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय २०१६ मध्ये का झाला, हे नववीतल्या मुलाला सांगता आले पाहिजे. दुसरा धडा खर्चाचा, आणि त्या खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरलीच पाहिजे. तिसरा प्रतीचा, रुईत माती मिसळणाऱ्यांमुळे १८६३ साली सगळ्यांचे नाव कसे गेले, आणि २०१६ मध्ये जळगावच्या केळीला व भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याने नाव म्हणजे काय ठेवा असतो, हे दोन्ही एकाच पाठात यावे. चौथा सहकाराचा, सावदा, रावेर, निंभोरा ह्या स्थानकांवरून केळीच्या वॅगनी भरून उत्तरेकडे पाठविण्यासाठी शेतकऱ्यांनी फ्रूट सेल सोसायट्या काढल्या, त्या का वाढल्या आणि कोठे अडखळल्या. आणि पाचवा ताळेबंदाचा. तोटा झाला तर तो प्रामाणिकपणे कसा मांडावा आणि देणेकऱ्यांत मजुराचे देणे कोठे असते.

ह्याला मोठे भांडवल लागत नाही. सभागृहात शिक्षक आहेत, बाजार समितीचे सभासद असतील, व्यापारी तर आहेतच. माझी तिघांनाही एक विनंती आहे. शाळांनी वर्षातून चार शनिवार नववीचा वर्ग बाजार आवारात न्यावा. समितीने त्या दिवशी लिलाव मुलांना जवळून पाहू द्यावा, आणि एखाद्या अडत्याने आपली एक पट्टी फळ्यावर लिहून समजावून द्यावी. हमालांच्या संघटनेतून एक माणूस मी पाठवीन; तो पोत्याचे वजन आणि आपली मजुरी, दोन्ही सांगेल. मुलांनी तीच पट्टी वहीत उतरवून घरी न्यावी आणि रात्री आईबापांना वाचून दाखवावी.

पाटणच्या मठातील विद्यार्थ्यांनी कोणते माप जपून ठेवले होते, ते लाकडी होते की धातूचे, हे आज कोणी सांगू शकणार नाही. ते माप हरवले. पण बाजाराचे माप खरे आहे की नाही हे पाहणे शाळेचे काम आहे, हा हुकूम त्या दगडावर अजून आहे, आणि तो आमच्याच भाषेत आहे.